पायगाडी आणि पायी चालणारा

१८४२ सालच्या जून महिन्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका गृहस्थाला पाच शिलिंग दंड झाला. हा गृहस्थ डम्फ्रीसशायरहून ‘व्हेलॉसिपीड’ नावाच्या चाकांच्या यंत्रावर बसून आला होता. शहराच्या गोर्बल्स भागात शिरल्यावर तो रस्ता सोडून पदपथावर चढला. असले वाहन तिथे कोणी पाहिलेले नव्हते. भोवती बघ्यांची झुंबड उडाली आणि त्या गर्दीत एक लहान मुलगी यंत्राचा धक्का लागून पडली. तिला फारशी इजा झाली नव्हती. न्यायासनाने दंड केला, वर्तमानपत्राने त्रोटक बातमी छापली आणि प्रकरण मिटले.

सायकलच्या इतिहासकारांनी पुढे या बातमीचा चांगलाच कीस काढला. बातमीत त्या गृहस्थाचे नाव नाही. सुमारे पन्नास वर्षांनी कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराच्या एका नातेवाइकाने, तो गृहस्थ म्हणजे आमचा मॅकमिलनच, असे सांगितले आणि सायकलच्या जनकत्वाचा मान त्याच्याकडे यावा म्हणून आग्रह धरला. विरोधकांचा मुद्दा असा की, त्या काळचे वर्तमानपत्र एका लोहाराला ‘जंटलमन’ कशाला म्हणेल? हा वाद अजून पुरता संपलेला नाही.

मला त्या बातमीत स्वार कोण होता यापेक्षा तो कुठे होता हे महत्त्वाचे वाटते. तो पदपथावर होता. सायकलस्वार आणि पादचारी यांच्या भांडणाची कागदोपत्री नोंद झालेली ही अगदी सुरुवातीची घटना, आणि ती घडली ती जागा आजच्या आपल्या भांडणाचीही जागा आहे. मधल्या काळात सायकल बदलली, रस्ते बदलले, कायदे झाले. तक्रार तीच राहिली. सायकलवाल्यांना शिस्त नाही, ते फूटपाथवरून येतात, उलट दिशेने येतात, घंटी वाजवून माणसाला दचकवतात. ही तक्रार खोटी नाही. पण दोनशे वर्षांचा इतिहास ओळीने वाचत गेले की एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते : सायकलस्वार पदपथावर चढतो तेव्हा बहुधा रस्त्याने त्याला आधीच बाहेर टाकलेले असते. त्याच्या वागण्याची किंमत मोजतो तो पायी चालणारा. रस्ता ज्याने बळकावला त्याला काहीच मोजावे लागत नाही.

चाकोरी

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता लाक्षणिक अर्थानेच वापरतो. मूळ अर्थ साधा आहे : गाड्यांची चाके एकाच मागाने जाऊन जाऊन रस्त्यात पडलेली खोलगट रेघ. सायकलच्या पूर्वजाला या चाकोरीनेच पदपथावर धाडले.

१२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस या जर्मन माणसाने मानहाइम शहरातून आपले दोन चाकांचे लाकडी यंत्र बाहेर काढले आणि तो श्वेट्झिंगेनच्या रस्त्याने काही मैल जाऊन परत आला. या यंत्राला पायडल नव्हते. मधल्या दांडीवर बसायचे आणि जमिनीला पायांनी रेटा देत पळायचे. तोल सांभाळायचा तर पुढचे चाक सारखे थोडे थोडे वळवावे लागते. बैलगाड्या आणि घोडागाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर ते जमेना; चाक चाकोरीत अडकले की स्वार आडवा. शेजारचा पायी चालणाऱ्यांसाठी केलेला पट्टा मात्र सपाट होता. हौशी मंडळी त्यावर चढली.

पुढचा भाग आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. पादचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या आणि शहरामागून शहर या यंत्राला पदपथावरून हाकलू लागले. जर्मनीतील गावांनी बंदी घातली, १८१९मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कने तेच केले आणि त्या सुमारास आपल्याकडे कलकत्त्यातही ती बंदी आली. म्हणजे खरी सायकल जन्माला यायला अजून काही दशके होती, तेव्हाच तिच्या पणजीला हिंदुस्थानातल्या एका शहराने पदपथावरून खाली उतरवले होते. रस्ता चालवू देत नाही आणि पदपथ चढू देत नाही, अशा कात्रीत सापडून ते यंत्र अल्पावधीत मागे पडले.

या बंदीत चूक काही नव्हती. पदपथ पायी चालणाऱ्यांचाच होता. पण रस्ता सपाट करण्याचा विचार त्या वेळी कोणाला सुचला नाही, आणि हे ‘न सुचणे’ पुढे वारसाहक्काने चालत आले.

सायकल ‘गाडी’ ठरते

इंग्लंडात १८३५चा महामार्ग कायदा आधीपासून होता. रस्त्याच्या कडेला पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या पट्ट्यावरून कोणी घोडा किंवा गाडी नेली, तर त्याच्या ७२व्या कलमाखाली दंड होई. प्रश्न असा पडला की, सायकल ही ‘गाडी’ आहे का? घोडा नाही, बैल नाही, मग गाडी कशी? १८७९मध्ये टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात एका सायकलस्वारावर बेफाम गाडी हाकल्याचा आरोप होता. त्याच्या वतीने नेमका हाच बचाव झाला. न्यायालयाने तो मानला नाही आणि बेफाम हाकण्यापुरती सायकल ही गाडीच, असे ठरवले.

१८८८च्या स्थानिक शासन कायद्याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या ८५व्या कलमाने सायकल, तीनचाकी आणि तत्सम यंत्रे सरसकट ‘गाड्या’ म्हणून जाहीर केली. या एका शब्दाने दोन गोष्टी साधल्या. पदपथाची बंदी सायकलला निःसंशय लागू झाली आणि त्याच वेळी रस्त्यावर इतर गाड्यांच्या बरोबरीने चालण्याचा हक्कही तिला मिळाला. कर्तव्य आणि हक्क एकाच कलमात आले. सायकलच्या इतिहासात असा समतोल नंतर फार थोड्या वेळा दिसतो.

त्याच कलमात दिवा आणि घंटी आली. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाआधी एका तासापर्यंत दिवा हवा; आणि रस्त्यावरून चाललेल्या गाडीला, जनावराला किंवा माणसाला मागे टाकण्यापूर्वी पुरेशा अंतरावरून घंटी, शिट्टी वा अन्य आवाजाने सूचना द्यायला हवी.

यातला बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. कायद्याने ही घंटी रस्त्यातून चालणाऱ्या माणसासाठी सांगितली होती. म्हणजे माणूस रस्त्याच्या मधून चालतो आहे, हे कायद्याने गृहीत धरले होते आणि त्यात त्याचा काही अपराध मानला नव्हता. घंटीचा अर्थ ‘मी मागून येतो आहे, दचकू नका’ एवढाच होता. ‘बाजूला व्हा’ हा अर्थ कायद्यात नव्हता. तो रस्त्यावर तयार झाला. घंटी सूचनेची आज्ञा कधी झाली याची तारीख देता येत नाही, पण ती का झाली याचे उत्तर पुढच्या काळात आहे.

पायी चालणारा अपराधी होतो

१८९०च्या दशकात अमेरिकेत सायकलचे वेड शिगेला पोचले. हँडलवर ओणवे होऊन वेगाने जाणाऱ्या तरुणांना तिथे ‘स्कॉर्चर’ म्हणत. रस्ता जाळत जाणारे, असा भाव. त्यांना आवरायला न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली सायकलस्वार पोलिसांचे पथक निघाले. ते काढणारे पोलिस मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पळणाऱ्या सायकलला पायी पोलिस कसा पकडणार? म्हणून पोलिसालाच सायकल दिली. या पथकाच्या वाट्याला एक गमतीदार योग आला. २० मे १८९९ रोजी त्यातल्या एका शिपायाने ताशी १२ मैल वेगाने जाणाऱ्या एका विजेवरच्या टॅक्सीचा सायकलवरून पाठलाग करून तिच्या चालकाला अटक केली. शहरात मुभा होती ताशी ८ मैलांची.

एक पिढी उलटली आणि चित्र पालटले. मोटारींची संख्या वाढली, त्यांच्याखाली माणसे, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने मरू लागली. सुरुवातीला लोकांचा राग मोटारींवर होता. मग रस्ता कसा ओलांडावा, कुठे ओलांडावा याचे नियम आले. ‘जेवॉकर’ हा शब्द, म्हणजे शहरात कसे चालावे हे न कळणारा गावंढळ, याच काळात रुळला. १९२५मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्याला ठरावीक पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडायला लावणारा नियम केला आणि तो इतर शहरांनी उचलला. १८८८च्या कायद्यात रस्त्यातून निर्धास्त चालणारा माणूस चाळीस वर्षांच्या आत रस्त्यावरचा उपरा झाला. रस्ता वाहनांचा आणि माणूस मध्ये आलेला, अशी समजूत झाली की हातातल्या घंटीचा आणि हॉर्नचा अर्थ आपोआप बदलतो.

बिल्ला, कंदील आणि डबलसीट

आपल्याकडे सायकल आली ती इंग्रजी कायद्याच्या सावलीत. १८६०च्या भारतीय दंड संहितेचे २७९वे कलम सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन हाकण्याला किंवा स्वारी करण्याला शिक्षा सांगते. कलम झाले तेव्हा डोळ्यांपुढे टांगा आणि घोडा होता, पण शब्दरचना इतकी व्यापक होती की सायकल त्यात सहज मावली. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २८१ क्रमांकाने आले आहे. ‘सायकलवाल्याला कायदाच नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मुंबई पोलिस कायदा, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलिस कायदा) याहून नेमके बोलतो. ९९व्या कलमात रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचा नियम आहे. १०३व्या कलमानुसार पदपथावर कोणतेही जनावर किंवा वाहन चालवायचे, ढकलायचे वा ठेवायचे नाही. अपवाद एकाच वाहनाचा : बाबागाडी. हा अपवाद वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. जुन्या मराठीत सायकलला ‘पायगाडी’ म्हणत; शब्द गेला, वाहन राहिले. पेठांतले कारकून, महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि प्राध्यापक, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले आणि स्वातंत्र्यानंतर पिंपरीपासून पुढे उभ्या राहिलेल्या कारखान्यांतले कामगार, सगळे सायकलवर. पाळी सुटली की रस्ताभर सायकलींचा लोंढा निघे. ज्याच्याकडे स्वतःची नाही त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात तासावर मिळे.

या सायकलींवर नगरपालिकेचा, पुढे महापालिकेचा कर होता. कर भरला की धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलिस अडवत. आधी रॉकेलचा कंदील, मग डायनॅमो आला. डबलसीट जाणे हा गुन्हा होता, आणि पोलिसाने चाकातली हवा सोडून दिली की पायी घरी जाण्याची शिक्षा आपोआप भोगावी लागे. चौकात पोलिस दिसताच मागच्या कॅरियरवरून टुणकन उडी मारून साळसूदपणे चालू लागणारा दुसरा स्वार, हे त्या पुण्यातले नेहमीचे दृश्य. जुने पुणेकर हे सगळे हसत सांगतात. त्या हसण्यात एक ऐतिहासिक सत्य दडलेले आहे : त्या काळी सायकल ही शहरातली मुख्य गाडी होती, म्हणून शासन तिला गाडीसारखे वागवत होते. तिच्याकडून कर घेत होते, दिवा मागत होते, दंड करत होते. आणि मुख्य रस्ताही तिचाच होता. तिला फूटपाथवर चढायची गरज पडत नव्हती.

त्या पुण्यात पायी चालणारा सुखात होता, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. बोळातून अचानक निघालेली सायकल म्हाताऱ्या माणसाला पाडू शकत होती आणि पाडत होतीही. पण सायकलींचा लोंढा चालला असताना वेग माणसाच्या आवाक्यातला होता. स्वार आणि पादचारी एकमेकांचे तोंड पाहू शकत होते, दोन शब्द सुनावू शकत होते. पुण्यात तर ते नक्कीच सुनावत.

१९७२मध्ये बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. दोन्ही याच परिसरात जन्मल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत सायकलवरचा मध्यमवर्ग स्कूटरवर गेला, त्याची मुले मोटारसायकलवर आणि नातवंडे मोटारीत. रस्ते रुंद झाले ते बहुतेक ठिकाणी फूटपाथ कापून. सायकलचा बिल्ला गेला, दिव्याची सक्ती कोणी विचारीना. याला सवलत म्हणता येईल, पण खरा अर्थ असा की सायकल गाडी म्हणून कोणाच्या हिशेबातच उरली नाही. ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही, त्याला कोणी काही देतही नाही.

फूटपाथवरची सायकल

सायकल पुन्हा हिशेबात आली ती २००६च्या सुमारास. त्या वर्षी राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर झाले आणि डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. तिच्या बाजूला सायकलमार्गही आखले गेले. पुढे २०१६मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले. २०१७मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे कल्पिलेले होते. जंगली महाराज रस्त्याची नवी रचना झाली, तिथे रुंद पदपथ आले. कागदावर दोघांनाही न्याय मिळाला, सायकललाही आणि पायी चालणाऱ्यालाही.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सायकलमार्ग आखला गेला तो पदपथाच्या पातळीवर, पदपथाला लागून किंवा त्याच्यातच एक पट्टा रंगवून. वाहनांच्या रस्त्यातून जागा काढली असती तर आरडाओरडा झाला असता. पदपथातून काढली तर फारसे कोणी बोलत नाही. त्या पट्ट्यावर पादचारी चालतात, कारण उरलेल्या पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, फलक असतो, विजेची पेटी असते. मागून सायकल येते आणि घंटी वाजते. दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबर असतात. ज्याने जागा आखली तो तिथे नसतो.

दुसरे कारण एकदिशा मार्गांचे. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही जोडी एक जाण्याची, एक येण्याची आहे. ही रचना मोटारींचा प्रवाह अडू नये म्हणून केलेली आहे. मोटारीला वळसा म्हणजे दोन मिनिटे. पायडल मारणाऱ्याला तोच वळसा घामाचा. मग तो चारशे पावले उलट दिशेने जातो, आणि समोरून येणाऱ्या मोटारीच्या भीतीने फूटपाथवरून जातो. फ्रान्सने २००८मध्ये ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेच्या रस्त्यांवर सायकलला एकदिशा नियमातून सर्वसाधारण सूट दिली, ती याच अडचणीवर. आपण सूटही देत नाही आणि नियमही पाळून घेत नाही. मधल्या मध्ये फूटपाथवरची आजी दचकते.

सायकलने दचकवल्यामुळे काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. पायी चालण्याचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, सायकलचा पंधरा, बॅटरीवरच्या सायकलचा पंचवीस. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तरुण माणूस धडपडून उठतो. सत्तरीतल्या माणसाला धडकेपेक्षा पडणे महागात जाते. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळदा तो माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालत नाही. आणि एकदा दचकलेली म्हातारी माणसे घराबाहेर पडणेच कमी करतात. हे कोणत्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही.

भरपाईचे तर त्रांगडेच आहे. मोटारीने धडक दिली तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याखाली तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे आणि दाव्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. सायकल मोटार वाहन नसल्याने तिथे यातले काही नाही. फौजदारी तक्रार करा किंवा दिवाणी दावा लावा. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरची दुचाकीही आपल्या नियमांत मोटार वाहन धरली जात नाही. घरपोच सामान पोचवणारी मुले आज पुष्कळदा असल्याच वाहनावर असतात. त्यांच्यामागे मिनिटांचा हिशेब लागलेला, आणि त्यांच्यापुढे फूटपाथ मोकळा.

जपानने करून पाहिले

पुण्यात जे आपसूक घडते आहे ते जपानने अर्धशतकापूर्वी कायदा करून घडवले होते. म्हणून त्या अनुभवाकडे नीट पाहायला हवे.

१९७० हे जपानी रस्त्यांवरचे सर्वांत भीषण वर्ष. त्या वर्षी १६,७६५ माणसे वाहन अपघातांत मेली. मोटारींखाली सायकलस्वार जाऊ नयेत म्हणून त्याच वर्षी कायदा बदलून ठरावीक पदपथांवर सायकल चालवायला परवानगी दिली गेली आणि १९७८मध्ये ती व्यवस्था अधिक पक्की झाली. उपाय तात्पुरता म्हणून आला आणि सवय होऊन बसला. सायकलस्वार म्हणजे पदपथावरचा माणूस, अशीच दोन पिढ्यांची समजूत झाली. रस्त्यावर सायकलसाठी जागा करण्याची निकड उरली नाही, कारण ती रस्त्यावर दिसतच नव्हती.

कायद्याने पादचाऱ्याला वाऱ्यावर सोडले नव्हते. पदपथावर सायकल सावकाश न्यायची, रस्त्याच्या कडेने न्यायची, पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचे, असे स्पष्ट लिहिले होते. घंटीचा नियम तर आपल्याला उलटाच वाटेल. ठरावीक ठिकाणे आणि धोका टाळण्यासाठीचा नाइलाज सोडून घंटी वाजवायची नाही. पदपथावरच्या माणसाला बाजूला करण्यासाठी घंटी वाजवली तर तो दंडनीय नियमभंग आहे. इंग्लंडच्या १८८८च्या कायद्याने घंटी सक्तीची केली आणि जपानने ती जवळजवळ मना केली, तरी दोन्हींचे तत्त्व एकच : पायी चालणारा जिथे आहे तिथे असण्याचा त्याला हक्क आहे. पण जागाच एक करून टाकल्यावर तत्त्व कागदावर राहिले. पदपथावर सर्रास घंट्या वाजत राहिल्या.

२०१३मध्ये कोबेच्या जिल्हा न्यायालयाने दिलेल्या निकालाने देश हादरला. २००८ साली पाचवीतला एक मुलगा रात्री उतारावरून सायकलने वेगात येत होता. त्याने एका साठीतल्या स्त्रीला धडक दिली आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. मुलाला नीट शिकवण दिली नाही म्हणून न्यायालयाने त्याच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली. कोणत्याही सामान्य कुटुंबाला न पेलणारी ही रक्कम. ती स्त्री उद्ध्वस्त झाली आणि ते घरही. यानंतर २०१५मध्ये ह्योगो प्रांताने सायकलस्वाराला विमा सक्तीचा केला आणि इतर प्रांत त्यामागे गेले.

मधल्या काळात, २००८च्या सुधारणेने, सायकलची मूळ जागा रस्ताच हे पुन्हा ठासून सांगितले गेले. पदपथाची मुभा मुख्यतः तेरा वर्षांखालची मुले, सत्तरीपुढचे वृद्ध, अपंग आणि नाइलाजाचे प्रसंग यांच्यापुरती राखली. २०२४च्या नोव्हेंबरात सायकल चालवताना मोबाइल वापरणे आणि मद्यपान यांवरच्या शिक्षा कडक झाल्या. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या सायकलस्वारांना मोटारचालकांप्रमाणे जागेवर दंडपावती देण्याच्या व्यवस्थेची आरंभतारीख १ एप्रिल २०२६ ही ठरली. जे १९७०मध्ये एका परवानगीने बिघडले ते सरळ करायला पन्नास वर्षे लागली आणि अजून पुरती यातायात संपलेली नाही. याच १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये मुलांचे रस्त्यावरचे मृत्यू थांबवा म्हणून पालक रस्त्यावर उतरले. तिथे सायकलला जागा पुढे मोटारींच्या रस्त्यातून काढून दिली गेली. रोग एकच होता, जागा कोणाच्या ताटातली घ्यायची एवढाच फरक पडला.

बाबागाडीची कसोटी

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. यांतली बहुसंख्य मोटार वाहनांखाली गेली हे सांगायला नको. म्हणून सायकलस्वाराच्या वागण्याची चर्चा करताना प्रमाण सुटू देऊ नये. पण मोठ्या गुन्हेगाराकडे बोट दाखवून लहान अपराध माफ होत नाही. सायकल ही गरिबाची आहे, पर्यावरणाची मित्र आहे, हे सगळे खरे. फूटपाथवर तीच बलवान असते आणि तिथे तिने बलवानाची जबाबदारी घेतली पाहिजे. फूटपाथवर चढणे अटळ झाले तर उतरून सायकल हातात धरून चालावे. उतरलेला सायकलस्वार हा पादचारीच असतो. घंटी वाजवायची ती दुरून, एकदा, आणि समोरचा बाजूला झाला नाही तर थांबायचे.

हे स्वाराचे काम झाले. शहराचे काम वेगळे आहे आणि ते स्वाराच्या शिस्तीआड लपू शकत नाही. सायकलची जागा वाहनांच्या रस्त्यातून काढायची, पदपथातून नाही. एकदिशा नियम सायकलसाठी कुठे शिथिल करता येईल हे रस्तागणिक ठरवायचे. बॅटरीवरच्या वेगवान वाहनांना विम्याच्या कक्षेत आणायचे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा त्या रस्त्याच्या मधून माणसे निवांत चालली होती. वर्षातला एक दिवस चांगलाच. हक्क मात्र रोजचा असतो.

आता त्या अपवादाकडे वळू. आपल्या कायद्याने पदपथावर एकाच वाहनाला मान दिला आहे, बाबागाडीला. कायदा लिहिणाऱ्याने ते सहज लिहिले असेल, पण यापेक्षा चांगले मोजमाप शोधून सापडणार नाही. आपल्या घराजवळच्या कोणत्याही फूटपाथवरून तान्ह्या मुलाची गाडी घेऊन पुढच्या चौकापर्यंत जाऊन पाहावे. किती वेळा रस्त्यावर उतरावे लागले आणि किती वेळा मागून घंटी किंवा हॉर्न वाजला, एवढेच मोजावे.